गाडीत माणूस हाय!

उचगावात जत्रेचं मटण कुणाच्या हातचं चांगलं यावर चार मतं निघतील. पण बंद कुणाच्या हातचा चांगला म्हटलं, तर सगळं गाव एकच नाव घेईल. भावकू अण्णांच्या हातचा. सीमाभागात जन्माला आलेल्या माणसाला बंद नवा नसतो. कारण मोठं असो की बारकं, आधी शटर खाली आणि मग चर्चा, ही इथली रीत. पण अण्णांचा बंद म्हणजे कडकडीत. त्यांनी कधी काच फोडली नाही की टायर जाळला नाही. खांद्यावर टॉवेल टाकून ते दुकानासमोर नुसते उभे राहत आणि विचारत, "काय सावकार, तब्येत बरी न्हवं?" एवढ्यावर सावकाराचा हात शटरकडं जाई.

या कलेचा सगळ्यात जास्त ताप झाला तो त्यांच्या बायकोला, रुक्माबाईंना. नवं लग्न झालेलं असताना अण्णांनी त्यांना बेळगावात सिनेमा दाखवायचं कबूल केलं. रुक्माबाई नवी साडी नेसल्या, गजरा माळला आणि सायकलच्या कॅरेजवर बसून थेट थिएटरपर्यंत गेल्या. फाटकाला हे मोठं कुलूप. आदल्या दिवशीच्या बैठकीत अण्णांनीच हात वर करून शहर बंद ठरवलं होतं. शहर बंद म्हणजे थिएटरही बंद, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. निदान भेळ खाऊ म्हणून पुढं गेले, तर भेळवाल्यानं लांबूनच नमस्कार केला. "अण्णा, तुमचाच बंद पाळतोय!"

पुढं थोरल्याच्या बारशाला अण्णा मोर्चात होते आणि नणंदेच्या लग्नात धरणं धरून बसले होते. रुक्माबाई हे सगळं पाहुण्यारावळ्यांना हसत हसत सांगायच्या. पण तो सिनेमा कुठला होता आणि साडी कुठल्या रंगाची होती, हे त्या अजून सांगायच्या, म्हणजे ते काही नुसतं हसणं नव्हतं. अण्णा अशा वेळी उठून गोठ्यात जायचे आणि म्हशीला उगीच पाणी दाखवायचे.

दिवस गेले, अण्णांचे केस पिकले आणि रुक्माबाईंचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. रुक्माबाई म्हणाल्या, देवानं दिलेले आहेत ते तोच परत नेईल, तुम्ही मधे पडू नका. मुलगा आणि सून ऋतिका सकाळी बेळगावात नोकरीला जायचे, अण्णा शेताकडं जायचे, आणि रुक्माबाई सोप्यातल्या खाटेवर बसून टीव्हीतल्या बायकांशी भांडायच्या. टीव्हीतल्या बायका उलटून बोलत नाहीत, त्यामुळं त्या भांडणातही काही राम नव्हता. हळूहळू त्यांनी दुपारची वेणी घालायचं सोडलं. घरातच तर बसायचं आहे, कुणाला दाखवायची?

मग नातू ओमकार बेळगावातल्या शाळेत जाऊ लागला. सकाळी ऋतिका त्याला सोडायची, दुपारी आणायचं काम अण्णांकडं आलं. घरात एक जुनी ओमनी होती. बाजूचं दार ओढलं की कधी उघडायचं, कधी हातात यायचं. एकदा रुक्माबाईंना दातांच्या डॉक्टरकडं नेलं होतं, आणि येता येता शाळा सुटायची वेळ झाली म्हणून अण्णांनी गाडी शाळेच्या गल्लीत लावली. उकडत होतं म्हणून रुक्माबाईंनी दार सरकवलं. समोर कडुनिंबाखाली सांबऱ्याच्या जयाबाई नातीची वाट बघत ताटकळत उभ्या होत्या. "उभ्या कशाला? या की आत," रुक्माबाई म्हणाल्या.

जयाबाई आत आल्या आणि झालं. दुसऱ्या दिवशी बाळाबाई आल्या. आठवड्याभरात ओमनीत जागा पुरेना. दोघी-तिघी आत, बाकीच्या दाराशी. शाळा सुटायच्या तासभर आधी बैठक भरू लागली. कुणी लसूण सोलायला आणायची, कुणी देवाच्या वाती वळायची, आणि मधे चिरमुऱ्यांचा पुडा. सुनांचं कौतुक आणि सुनांची उणीदुणी एकाच तोंडानं आणि एकाच दमात व्हायची. संक्रांतीला तर गाडीतच हळदीकुंकू झालं. त्या दिवशी स्टिअरिंगलाही कुणीतरी हळद लावली, आणि अण्णांचे हात संध्याकाळपर्यंत पिवळे राहिले.

रुक्माबाई आता जेवण झालं की वेणी घालायला बसायच्या. साडी बदलायच्या, आरशात बघायच्या आणि "अवो, गाडी काढताय न्हवं?" म्हणून हाक मारायच्या. ती हाक ऐकली की अण्णांना बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की हातातलं खुरपं टाकून ते धावत यायचे. पण तोंडानं काय म्हणायचे? "व्हय गं, काढतोय की! किती घाई तुझी?"

आणि अशा सुखाच्या दिवसांत शाळेच्या भिंतीवर नोटीस लागली.

नोटीस कन्नडात होती. अण्णांनी तत्त्वाखातर कन्नड वाचायला की बोलायला कधी शिकून घेतलं नव्हतं, आणि तत्त्व टिकलं ते रुक्माबाईंमुळं. त्यांचं माहेर चिकोडीकडचं. लाईट बिलापासून शेताच्या उताऱ्यापर्यंत सगळं त्याच वाचून दाखवायच्या. त्यांनी गाडीतूनच, डोळे बारीक करून, नोटीस वाचली. शाळा भरताना आणि सुटताना गल्लीत कुठलीच गाडी लावायची नाही, असा विचार चालला आहे; गाड्या थांबतील त्या पार मोठ्या रस्त्यापलीकडच्या मैदानात. कुणाची हरकत असेल तर कळवा.

"मैदान म्हंजे त्या पेट्रोल पंपामागचं?" अण्णांनी विचारलं.

"व्हय." रुक्माबाईंनी दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तिथनं मला चालवायचं न्हाय. आणि तिथं गाडीत एकटी बसून काय करू? मी आपली घरातच बरी."

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, भांडी झाली. हाक काही आली नाही. अण्णांनी सोप्यात डोकावून बघितलं. रुक्माबाई विस्कटलेल्या केसांनी टीव्हीसमोर बसल्या होत्या. आतापासूनच सवय करून घेते, म्हणाल्या. त्यांनी कसंबसं समजावून त्यांना गाडीत बसवलं, आणि शाळेच्या गल्लीत पोचल्यावर त्याच कडुनिंबाखाली उभं राहून सगळ्या पालकांसमोर गर्जना केली, "हा आपल्या हक्काचा प्रश्न हाय! हे आम्ही खपवून घेणार न्हाय!"

बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. मोठ्या चळवळीतल्या माणसाला बायकोच्या वेणीसाठी आंदोलन करतोय म्हणायची लाज वाटते.

ऋतिकानं आपल्या पद्धतीनं रीतसर हरकत नोंदवली आणि तिला उत्तरही आलं. वाहतुकीचे साहेब गुरुवारी शाळा सुटायच्या वेळी स्वतः येऊन गल्ली बघणार, लोकांचं ऐकणार आणि मग ठरवणार.

अण्णांचे डोळे चमकले. "साहेब येतोय? मग दावूया की त्याला! गुरुवारी गल्ली कडकडीत बंद. दुकान न्हाय, हातगाडी न्हाय, एक गाडी आत येता कामा न्हाय!"

"मामा," ऋतिका म्हणाली, "साहेब गाड्या बघायला येणार आहेत…"

"तेच म्हणतोय मी. बघायला येऊ दे, काय बी दिसणार न्हाय त्याला!"

रुक्माबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवून विचारलं, "अवो, गाड्या लावू द्या म्हणून भांडताय आणि गाड्याच न्यायच्या न्हाईत?"

"बंद म्हंजे बंद," अण्णा म्हणाले.

गुरुवारी सकाळी अण्णा उठले, तोंड धुतलं आणि चहाला येऊन बसले. चहा नव्हता. चुलीवर पातेलं नव्हतं, गॅसवर भांडं नव्हतं. रुक्माबाई खुर्चीत हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"चहा?"

"चूल बंद."

"म्हंजे?"

"बंद म्हंजे बंद," रुक्माबाई म्हणाल्या. "तुमचा बंद मी जन्मभर पाळला. आज माझा पाळा."

अण्णांनी आजवर भल्याभल्यांना नमवलं होतं, पण त्यांच्याविरुद्ध कुणी बंद पुकारायची ही पहिलीच वेळ. पुकारणारं माणूस कडकडीत दिसत होतं. त्यांनी शिरस्त्याप्रमाणं विचारलं, "मागणी काय?"

"मागणी एकच. दुपारी गाडी. जयाबाईला आज मी मेथीची पेंढी देणार म्हणून सांगितलंय."

"अगं, पण मीच बंद पुकारलाय! माझीच गाडी आत गेली तर लोक तोंडात शेण घालतील!"

"मग बसा तसंच."

दुपारच्या जेवणापर्यंत अण्णांनी तग धरला. शेजारी कुणाच्या तरी घरी फोडणी पडली तेव्हा मात्र ते उठले आणि ओमनीवरचं कापड काढलं.

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा जुना सवंगडी शामू पहारा देत होता. आडवं बाकडं टाकून त्यावर स्वतः बसलेला. अण्णांनी टॉवेलनं तोंड झाकून घेतलं होतं, पण तसल्या ओमनी बेळगावात दोन नव्हत्या.

"अण्णा?" शामू उठून उभा राहिला. "अण्णा, तुम्हीच सांगितलंय न्हवं, सख्खा भाऊ आला तरी सोडायचा न्हाय?"

"हळू बोल रं. बंदात दूध सोडतोय का न्हाय आपण?"

"सोडतोय की."

"आणि पेशंट?"

"पेशंटला तर पहिला."

"मग आत पेशंट हाय."

"पेशंट कोण?" मागून रुक्माबाईंचा आवाज आला. "मी पेशंट? शामू भाऊजी, ह्यांचं काय ऐकू नका. मी लसूण सोलायला चाललीय. गाडीत माणूस हाय म्हणून सोडा, पेशंट म्हणून नको!"

शामूनं बाकडं सरकवलं. वहिनींना अडवायची त्याची कधीच हिंमत नव्हती.

गल्ली अशी काही बंद झाली होती की अण्णांचा ऊर भरून आला. स्टेशनरीचं दुकान बंद, झेरॉक्स बंद, आईस्क्रीमची गाडी गायब. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं चारी पाय ताणून झोपलं होतं. वाऱ्यानं कडुनिंबाची पानं सरकत होती ती ऐकू येत होती. पालक आले होते, पण चालत, आणि भिंतीला टेकून गुपचूप उभे होते. त्या निवांतपणात फक्त एक ओमनी धडधडत आली आणि फाटकासमोर थांबली. दार सरकवताना असं काही करकरलं की कुत्रंही उठून बसलं.

तेवढ्यात साहेब आले. जीप त्यांनी बाहेरच ठेवली होती. त्यांनी एकदा गल्लीच्या या टोकाला बघितलं, एकदा त्या टोकाला बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पौर्णिमा उगवली.

"अरे वा!" ते मोडक्या मराठीत म्हणाले. "नियम अजून झालाच नाही, आणि लोक पाळायला लागले! किती छान रस्ता, किती शांत! असं सहकार्य मी कुठं बघितलं नाही. आता हरकत कुणाची आहे?"

भिंतीला टेकलेले सगळे पालक अण्णांकडं बघू लागले. अण्णांच्या डोक्यात त्या क्षणी लख्ख उजेड पडला. भाकरी थापताना रुक्माबाई जे विचारत होत्या, ते आता कुठं त्यांच्या मेंदूपर्यंत पोचलं. आपण आपल्या हातानं साहेबाला हवं तेच मांडून दाखवलं. आता बंदी येणार, आणि रुक्माबाई पुन्हा त्या खाटेवर जाऊन बसणार. आयुष्यातला सगळ्यात यशस्वी बंद त्यांनी पुकारला होता, आणि तोच त्यांच्या घरावर येऊन पडला होता.

"ही एक गाडी सोडून," साहेब पुढं म्हणाले. "ही कुणाची?"

अण्णा काही बोलायच्या आत गाडीतून आवाज आला, "ह्यांचीच. आणि बंद पण ह्यांनीच पुकारलाय." मग रुक्माबाई सरळ माहेरच्या बोलीत गेल्या. "बर्री साहेब, कुंडरी." या, बसा, उन्हातनं आलात, आधी पाणी प्या, म्हणून तांब्या पुढं केला.

आपल्या बाजूची कन्नड ऐकून साहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पाणी घेतलं आणि दाराच्या पायरीवर टेकले. अण्णांनी घसा साफ करून "नागरिकांच्या हक्काचा…" असं सुरू केलं, पण रुक्माबाईंनी नुसता हात वर केला आणि अण्णा थांबले. मग त्यांनी साहेबांना सांगितलं, सगळं साधंसुधं. गुडघे गेलेत. घरात दिवसभर कुणी नसतं. दुपारचा हा एक तास मी माणसांत असते. ही जयाबाई, ही मेथी, हे चिरमुरे. तुमची गाडीची बंदी झाली की आमचं बोलणंच बंद.

"अव्वा, मला तुमचा काही त्रास नाही," साहेब आईला हाक मारावी तसं कन्नडात म्हणाले. चिरमुऱ्यांचा पुडा आता त्यांच्या हातात होता. "गाडीत माणूस असलं की शिट्टी मारली तर गाडी हलते. लोक गाडीला कुलूप लावून बाजारात निघून जातात, त्या गाड्यांचं मी काय करू? कुलपाला शिट्टी ऐकू येत नाही."

"मग तेवढंच लिवा की," रुक्माबाई म्हणाल्या. "गाडीत माणूस असंल तर ऱ्हाऊ द्या. नसंल तर उचलून न्या."

साहेबांचा चावायचा वेग कमी झाला. मग म्हणाले, बघतो. अण्णांना यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण साहेब उठताना पुडा रिकामा झालेला त्यांनी बघितला आणि त्यांना जरा धीर आला.

पुढं फलक लागला तो तसाच. एका बाजूलाच थांबायचं, माणूस आत बसलेलं पाहिजे. कुलूपबंद गाडी दिसली की उचलणार. पहिल्याच आठवड्यात खरंच गाड्या उचलल्या, आणि मग लोकांना चिंता पडली. शाळेत मुलाला आणायला आत जायचं, मॅडमना भेटायचं, तर गाडीत बसवायचं कुणाला?

आणि तेव्हा घराघरांतल्या लोकांना आठवलं की आपल्याकडं एक रिकामं बसलेलं माणूस आहे.

सांबऱ्याच्या एका घरातून सासरे आले, पटका बांधून, मोटारीत मागच्या सीटवर एखाद्या सरपंचासारखे. जांबोटीकडून लेकाच्या फ्लॅटवर आणून ठेवलेले एक आजोबा आले. लिफ्टची भीती म्हणून ते किती दिवसांत खालीच उतरले नव्हते, ते आता गाडीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पावसापाण्याचं विचारू लागले. बाळाबाईंच्या सुनेकडं गाडी नव्हती, स्कूटर होती. तिनं स्कूटर स्टँडवर लावली आणि सासूबाईंना वर बसवलं. फलकावर स्कूटरचं काही लिहिलं नव्हतं, पण धोका कशाला? बाळाबाई एका हातानं आरसा धरून, पाय एका बाजूला सोडून, ऐटीत बसायच्या. सुनासुनांत उसनवारीही सुरू झाली. "उद्या तुमच्या सासूबाई मोकळ्या हाईत काय? आमच्या आजीला जरा सर्दी हाय." घरात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांना आता आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागायचं.

अण्णा गावभर सांगत सुटले, "आंदोलन यशस्वी! साहेबाला झुकवला!" रुक्माबाईंनी त्यांना ते सांगू दिलं. जिंकलेल्या माणसाला एवढा मोठेपणा परवडतो.

एके दिवशी दुपारी शामू लगबगीनं गल्लीत आला. उचगावच्या बसच्या फेऱ्या वाढवा म्हणून डीसी ऑफिसवर, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीवर, मोर्चा निघाला होता. "चला अण्णा, सगळे जमलेत. तुमच्याशिवाय घोषणा कोण देणार?"

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल सवयीनं नीट केला. मग ते जागेवरच बसून राहिले. "मला कसं येता येईल रं? नियम हाय. गाडीत माणूस पायजे."

"वहिनी हाईत की आत!"

अण्णांनी मागं बघितलं. रुक्माबाई जयाबाईंशी बोलायच्या थांबल्या होत्या. त्यांनी वेणीत अबोलीचा गजरा माळला होता.

"व्हय, ती हाय," अण्णा म्हणाले. "पर तिला सोडून मी लई वेळा गेलो, शामू. आता न्हाय जायचं मला."

शामू मान हलवत एकटाच निघाला. जयाबाईंनी पदर डोळ्याला लावला. रुक्माबाईंनी मात्र लसणाचं ताट उचलून पुढच्या सीटवर अण्णांच्या मांडीवर ठेवलं.

"बसलाच हाईसा, तर हे सोला," त्या म्हणाल्या.